दौरे आटले, काउंटी उरली

एप्रिलमध्ये वरणगाव-भुसावळकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इंग्लंडमधले काउंटी खेळाडू स्वेटर घालून हंगामाचे पहिले सामने खेळत असतात. ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी आणि ठसठशीत शिवणीचा ड्यूक्स चेंडू. आपल्या उन्हात, कोरड्या खेळपट्ट्यांवर घडलेल्या फलंदाजाला यातलं काहीच ओळखीचं नसतं. काउंटी चॅम्पियनशिप १८९० पासून अधिकृतपणे चालू आहे. आज तिच्यात १८ संघ दोन विभागांत खेळतात आणि १९६८ पासून परदेशी खेळाडूला वास्तव्याची अट न घालता करारावर घेता येतं. आपल्याकडे मात्र काउंटीकडे अजूनही नामवंतांची हौस म्हणूनच पाहिलं जातं. हा समज आता सोडायला हवा. पूर्वी भारतीय संघाचे लांबलचक दौरे जे काम करत, ते करणारी काउंटी ही एकच जागा आता उरली आहे.

यावर पहिला आक्षेप विजय मर्चंट यांचं नाव घेऊन येईल. काउंटीशी करार न करताही ते इंग्लंडमध्ये खोऱ्याने धावा काढत होतेच की! पण त्या धावा कुठे निघाल्या ते पाहावं. १९३६ च्या दौऱ्यात त्यांनी ५१.३२ च्या सरासरीने १७४५ आणि १९४६ मध्ये ७४.५३ च्या सरासरीने २३८५ धावा केल्या. १९४६ च्या दौऱ्यात प्रथम श्रेणीचे २९ सामने होते आणि त्यांत कसोटी फक्त तीन. उरलेले बहुतेक काउंटी संघांविरुद्धच होते. त्याच दौऱ्यात चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरेविरुद्ध शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भागी केली. म्हणजे काउंटीचा हंगाम दौऱ्यातच मिळत होता. आज तो मिळत नाही. २०१८ मध्ये एसेक्सविरुद्धचा चार दिवसांचा सराव सामना तीन दिवसांवर आणला गेला. २०२५ मध्ये मुख्य संघ एकाही काउंटीशी न खेळता पाच कसोटींना सामोरा गेला.

दुसरा आक्षेप सचिन तेंडुलकरचा. यॉर्कशायरला जाण्याआधीच, १९९० मध्ये, त्याने मँचेस्टरला नाबाद ११९ धावा काढल्या होत्या. मग काउंटीची गरज काय? १९९२ मध्ये तो यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू झाला. तोवर त्या काउंटीत तिथेच जन्मलेल्यांना घेण्याची प्रथा होती. १६ सामन्यांत त्याने ४६.५२ च्या सरासरीने १०७० धावा केल्या, पण शतक एकच. एका शतकानिशी हजार धावा होतात त्या वेगवेगळ्या मैदानांवर, आज बाद झालो तरी दोन दिवसांनी पुन्हा नव्या चेंडूपुढे उभं राहून. एका कसोटीतली थोर खेळी हा सराव देत नाही. अजिंक्य रहाणेचा दाखला याहून अवघड आहे. २०१९ मध्ये हॅम्पशायरकडून पदार्पणातच शतक, तरी सात सामन्यांत जेमतेम ३०७ धावा. आकडा अपयशाचाच आहे. पण त्यानंतर लगेच ऑगस्टमध्ये अँटिग्वा कसोटीत त्याने ८१ आणि १०२ धावा केल्या. आधीचं कसोटी शतक दोन वर्षांपूर्वीचं होतं. सगळं श्रेय काउंटीला देता येणार नाही. एवढं मात्र खरं, की हंगामाचं मोल नुसत्या सरासरीवरून ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: वेळ आणि शरीर. एप्रिल-मे आयपीएल खाऊन टाकते. २०२३ मध्ये पृथ्वी शॉने नॉर्दम्पटनशायरकडून एकदिवसीय स्पर्धेत २४४ धावांची खेळी केली आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्याला लवकर परतावं लागलं. म्हणून प्रत्येकाला पाठवा असं म्हणणं नाही. पण आयपीएलचा करार नसलेले रणजीतले तरुण फलंदाज त्या दोन महिन्यांत मोकळे असतात. मुंबई आणि महाराष्ट्र संघटनांनी दरवर्षी त्यांच्यातल्या दोघा-तिघांसाठी काउंटीशी बोलणी करावीत. दौऱ्यावर जाऊन शिकण्याचे दिवस आता संपले आहेत. शिकूनच दौऱ्यावर जावं लागेल.