अँटिबायोटिक लागू पडत नाही, म्हणजे नेमके काय होते?

लघवीला जळजळ होते, ताप येतो, गोळ्या सुरू होतात आणि चार दिवसांनीही तक्रार तशीच राहते. मग डॉक्टर लघवीची कल्चर तपासणी सांगतात आणि रिपोर्टमध्ये बऱ्याच औषधांपुढे ‘आर’ लिहून येते. पालमसारख्या तालुक्याच्या गावातून परभणी किंवा नांदेड गाठणारे नातेवाईक अशा वेळी विचारतात, “डॉक्टर, अंगाला औषधाची सवय झाली का?”

सवय अंगाला होत नाही. औषध निकामी करण्याची युक्ती जंतूंकडे असते. ती समजली, की डॉक्टर कल्चरचा आग्रह का धरतात हेही समजेल.

जंतूंची कात्री

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफिक्झाइम, सेफ्ट्रायाक्झोन, मेरोपेनेम ही सगळी एकाच घराण्यातली औषधे. प्रत्येकाच्या रेणूत चार अणूंचे एक छोटे कडे असते. जंतूची बाहेरची भिंत बांधणाऱ्या प्रथिनांना हे औषध चिकटते, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो.

काही जंतू ‘बीटा-लॅक्टमेज’ नावाचे एन्झाइम (विकर) तयार करतात. ते कात्रीसारखे हे कडे तोडते. एक रेणू तोडला, की तेच एन्झाइम पुढच्या रेणूकडे वळते. त्यामुळे नुसता डोस वाढवून भागत नाही. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी असे एन्झाइम नोंदवले होते.

आज या कात्र्यांचे अनेक प्रकार आहेत. रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ असे लिहिले असेल, तर त्या जंतूवर सेफिक्झाइमसारखी नेहमीची औषधे सहसा चालत नाहीत. ‘एनडीएम’ त्याहून घातक आहे. ते मेरोपेनेमसारखे राखीव औषधही तोडते आणि त्यासाठी जस्ताचे अणू वापरते. शिवाय ही युक्ती एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. जगभरात २०१९ मध्ये सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे झाले, असा अंदाज आहे.

संगणकावर चालणारे रसायनशास्त्र

एन्झाइम कडे तोडते तो क्षण कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून बघता येत नाही. त्यासाठी काही रसायनशास्त्रज्ञ संगणकाची मदत घेतात. १९७६ साली एरी वॉर्शेल आणि मायकेल लेव्हिट यांनी लायसोझाइम या एन्झाइमचा असा अभ्यास केला. हे एन्झाइम आपल्या अश्रूंत आणि लाळेत असते आणि जंतूंची भिंत तोडते. जिथे रासायनिक बंध तुटतो, तेवढ्या भागाचा अगदी बारीक हिशेब करायचा आणि उरलेल्या मोठ्या रेणूचा साधा हिशेब करायचा, अशी त्यांची पद्धत होती. अशा पद्धतींसाठी या दोघांना मार्टिन कारप्लस यांच्यासह २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हीच पद्धत आज बीटा-लॅक्टमेजच्या अभ्यासात वापरली जाते. कात्रीच्या पात्यात कोणता अणू कुठे आहे, जस्त काय करते, कोणता रेणू तिथे अडकून बसेल, याचा अंदाज संगणक देतो. पुढे तो अंदाज प्रयोगशाळेत, प्राण्यांवर आणि शेवटी रुग्णांवर तपासावा लागतो. यात कितीतरी वर्षे जातात.

या लढाईतले काही काम आपल्या मराठवाड्यातही झाले आहे. छत्रपती संभाजीनगर येथील वोखार्टच्या संशोधन केंद्रात ‘झिडेबॅक्टम’ हे औषध विकसित झाले. ते सेफेपिम या औषधासोबत वापरायचे असते. भिंत बांधणाऱ्या एका प्रथिनाला सेफेपिम धरते आणि दुसऱ्याला झिडेबॅक्टम. दोन्हीकडून अडवल्यामुळे कात्री असलेला जंतूही मारता येतो. पण अशी औषधे रुग्णालयात दाखल असलेल्या गंभीर रुग्णांना शिरेतून द्यायची असतात. घरी घ्यायच्या त्या गोळ्या नव्हेत. म्हणून हाताशी असलेली औषधे टिकवणे महत्त्वाचे आहे.

तुम्ही काय करावे?

• कल्चर सांगितले असेल, तर शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्या. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत घ्या.
• नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा. बाहेरगावी पाठवायचा असेल, तर थंड कसा ठेवायचा हे आधी विचारा.
• रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. ‘एस’ म्हणजे लागू पडणारे औषध, ‘आर’ म्हणजे न जुमानले जाणारे. पण ‘एस’ पाहून स्वतः औषध निवडू नका. मूत्रपिंड, वय, गरोदरपण आणि ॲलर्जी पाहून डॉक्टर ते ठरवतात.
• काहीच त्रास नसताना लघवीत जंतू सापडले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर स्त्रिया मात्र याला अपवाद आहेत.
• सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.
• पट्टीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका. सांगितले तितकेच दिवस औषध घ्या.
• जुने रिपोर्ट आणि आधी घेतलेल्या औषधांच्या पट्ट्या डॉक्टरांना दाखवा.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, सतत उलट्या, धाप, लघवी कमी होणे किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालयात जा. रिपोर्टची वाट पाहू नका. अशा वेळी डॉक्टर नमुना घेऊन औषध ताबडतोब सुरू करतात आणि रिपोर्ट आला की गरजेप्रमाणे बदलतात. मधुमेही आणि वृद्ध माणसांच्या बाबतीत तर जराही उशीर करू नका.