रक्तपेढीचे अदृश्य शत्रू

अहमदपूरच्या एखाद्या शिबिरात घेतलेली रक्ताची पिशवी लातूरच्या किंवा नांदेडच्या रक्तपेढीत पोहोचली, की तेथे लाल पेशी, रक्तद्रव आणि रक्तबिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, असे तिचे विभाजन होते. लाल पेशी २ ते ६ अंशांवर राहतात, रक्तद्रव गोठवला जातो. रक्तबिंबिका मात्र थंडीने निकामी होतात, सबब त्यांना २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या फळीवर, पाच दिवस जपावे लागते, आणि नेमके हेच तपमान जिवाणूंच्याही प्रकृतीस मानवते. दात्याच्या त्वचेवरील दोन-चार जिवाणू सुईबरोबर आत शिरले, तरी तेवढ्या अवधीत त्यांची संख्या प्राणघातक होऊ शकते.

अशा शत्रूपुढे लखलखीत फरशीचा पुरावा कवडीमोलाचा. म्हणून पोषकद्रव्याची बशी ठराविक वेळ उघडी ठेवून हवेतून काय पडते ते पाहतात, टेबले व शीतकपाटाच्या मुठी यांवर निर्जंतुक बोळा फिरवून तो रुजवतात, आणि उगवलेल्या वसाहतींची नोंद मागील महिन्यांच्या नोंदींशी ताडतात. सर्वांत संशयास्पद जागा म्हणजे गोठलेला रक्तद्रव ३७ अंशांवर वितळवण्याची पाण्याची टाकी. स्यूडोमोनास जिवाणूला साचलेले कोमट पाणी फार प्रिय. २०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे ही टाकी वेळच्या वेळी उपसून धुणे ही साधी गोष्ट नव्हे. पण या कामी दुष्काळाची सबब चालत नाही.

निर्जंतुकतेत एखादी चूक झाली तर काय होते, ते परळच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ हाफकिन यांनी भोगले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे त्यांच्या प्रयोगशाळेची प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली; दोष मुंबईच्या माथी आला, त्यांना पदास मुकावे लागले, आणि बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्याकडे बोट वळून १९०७ मध्ये ते निर्दोष ठरेपर्यंत वर्षे लोटली.

तथापि पेढीची हवा कितीही शुद्ध राखली, तरी एक वाट उरतेच, आणि ती दात्याच्या शरीरातून जाते. येर्सिनिया नावाचा आतड्यातील जिवाणू शीतकपाटातही वाढतो. तेव्हा वाचकहो, नुकताच जुलाब वा ताप येऊन गेला असेल, किंवा दात काढलेला असेल, तर ते शिबिरात आधी सांगा. पुसून निर्जंतुक केलेल्या जागी पुन्हा बोट लावू नका. आणि रक्त दिल्यानंतर दोन-चार दिवसांत ताप वा जुलाब झाला, तर संकोच न धरता रक्तपेढीस कळवा, म्हणजे ती पिशवी वेळीच बाजूला काढता येईल.