पहिली स्पोर्ट बाईक

लायसन्स हाती पडलं की पोराला वाकून चालवायची गाडी हवी असते, आणि घरात वाद पेटतो. यामाहाची आर-15 आपल्याकडे 2008 साली आली, तेव्हापासून या वादात तिचं नाव हमखास निघतं. रुबाब शर्यतीचा, इंजिन मात्र तेव्हा दीडशे सीसीचं, आता 155. नवशिक्याचा फायदा या लहानपणातच आहे. इंजिन मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेऊ लागतं, तेव्हा कुठं त्याचा खरा जोर लागतो. त्याखाली मूठ चुकून जास्त पिळली गेली, तरी गाडी हातातून निसटत नाही. सहाशे सीसीची गाडी एवढी सवड देत नाही.

शिकायचं असतं ते थांबणं. ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. एसटीत उभ्यानं प्रवास केलेल्यांना हे सांगायला नको. म्हणून पुढचा ब्रेक जास्त कामाचा. पण तो एकदम आवळला तर चाक जाम होऊन घसरतं. दाब वाढवत न्यावा. 2019 पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते चाक जाम होऊ देत नाही. वाळू पसरलेल्या वळणावर मात्र त्याचाही इलाज चालत नाही. तिथं वेग वळणाआधीच उतरवावा लागतो.

आणि मागची सीट इवलीशी, उंच. पहिले काही महिने तिच्यावर दोस्त बसवू नये.