म्हाका नवो नाका

बुधवारी डिचोलीचा बाजार भरतो आणि त्या दिवशी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाजाराला आलेला माणूस भाजी घेतो, सुकी मासळी घेतो आणि जाता जाता पिशवीच्या तळातून रुमालात गुंडाळलेला फोन काढून माझ्या काउंटरवर ठेवतो. मये गावच्या एक मावशी अशाच आल्या. "हँग जाता रे, पुता," म्हणाल्या. बाजूला उभ्या असलेल्या एका मुलाने लगेच सल्ला दिला, की आता नवीनच घ्या. मावशींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हाका नवो नाका. होच चलय."

मी मूळचा पेडण्याचा. रोज स्कूटरने धारगळ, कोलवाळ, थिवी, अस्नोडा, मुळगाव असा येतो. आधी म्हापशात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकलो, मग बटणांचे मोबाइल, मग हे काचेचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची एक खोड जात नाही. वस्तू फेकण्याआधी ती उघडून बघायची.

मावशींचा फोन सोळा जीबीचा. त्यात तीनशे एमबीसुद्धा मोकळे नव्हते. आत काय होतं? गुलाब, उगवता सूर्य, शुभ सकाळ, शुभ मंगळवार, आणि प्रत्येक देवाचा प्रत्येक ग्रुपवरून आलेला तोच फोटो. फोनची मेमरी भरली की तो नुसता "जागा नाही" म्हणत नाही, तो खरोखर मंदावतो. त्यामागे कारण आहे. या मेमरीत जुन्या अक्षरांवर नवी अक्षरं लिहिता येत नाहीत. आधी एक अख्खा कप्पा पुसावा लागतो, त्यातला कामाचा ऐवज दुसरीकडे हलवावा लागतो, आणि मग लिहायचं. दुसरीकडे जागाच नसेल तर? चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या बाजारात हातगाडी फिरवून पाहा, म्हणजे फोनचं दुखणं कळेल. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, की पाचातला एक भाग तरी रिकामा ठेवा.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "स्टोरेज आणि डेटा" नावाची ओळ असते, तिच्यात "स्टोरेज व्यवस्थापित करा". तिथे पाच एमबीहून मोठ्या वस्तू वेगळ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या वस्तू वेगळ्या मांडलेल्या असतात. दहा मिनिटांचं काम. पण मावशींच्या बाबतीत दीड तास लागला, कारण त्यांचा मुलगा आखातात आहे आणि नातवाचे फोटो त्याच ढिगाऱ्यात होते. "सगळं पुसू नको हां," एवढं एकच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. लोक फोन साफ करत नाहीत ते आळसाने नव्हे, भीतीने. मग आम्ही दोघं बसलो. नातवाचे फोटो आधी मेमरी कार्डवर उतरवले, ते तिथे उघडतात हे त्यांना दाखवलं, आणि मगच गुलाबांना हात लावला. शेवटी फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. आता ज्यावर बोट ठेवतील तेवढंच येतं.

त्यांच्या फोनमध्ये "बूस्टर" आणि "क्लिनर" अशी दोन ॲपंही होती, जाहिराती दाखवणारी. ती मी पहिल्या फटक्यात काढतो. मागे चालू असलेली ॲपं सारखी मारत राहिल्याने फोन जलद होत नाही. मारलेलं ॲप पुन्हा उघडताना पहिल्यापासून सगळं भरावं लागतं, त्यात वेळही जातो आणि बॅटरीही. साफसफाईला हवंच असेल तर गूगलचं "फाइल्स" ॲप पुरे.

आणखी एक युक्ती फुकट सांगून टाकतो, धंद्याचं नुकसान सोसून. सेटिंगमध्ये "फोनबद्दल" या पानावर "बिल्ड नंबर" असतो. त्यावर सात वेळा बोट मारलं, की "डेव्हलपर पर्याय" नावाचा लपलेला कप्पा उघडतो. त्यात ॲनिमेशन स्केलच्या तीन ओळी असतात, विंडो, ट्रान्झिशन आणि ॲनिमेटर. तिन्ही एकवरून अर्ध्यावर आणा. पडदे सरकण्याची नाटकं कमी होतात आणि फोन चटपटीत वाटतो. वाटतो म्हणतो, कारण आतलं यंत्र तेच असतं. त्या कप्प्यातल्या बाकी कशालाही हात लावू नका.

आता बॅटरी. माझ्या काउंटरवर येणाऱ्या जुन्या फोनांत अर्ध्यांचं खरं दुखणं हेच, आणि फोनवाल्याला वाटतं फोनच गेला. लिथियम-आयन बॅटरी औषधाच्या बाटलीसारखी असते, तिचे डोस मोजके. शून्यापासून शंभरापर्यंत भरली की एक फेरी. साधारण पाचशे फेऱ्यांनंतर तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. रोज भरणाऱ्याची दोन वर्षं झाली, की उतार लागला समजा. थकलेली बॅटरी नुसती लवकर संपत नाही. कॅमेरा किंवा खेळ उघडल्यावर एकदम जास्त वीज मागितली, की तिचा दाब कोसळतो आणि तीस टक्के दाखवणारा फोन पटकन बंद पडतो. हे टाळण्यासाठी ॲपलने जुन्या आयफोनांचा वेगच सॉफ्टवेअरमधून कमी केला होता. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ते कबूल केलं, जगभर बोंब झाली, आणि मग स्वस्तात बॅटरी बदलून द्यावी लागली. बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पळायला लागायचा. "जुना झाला म्हणून मंद झाला" या समजुतीला याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

आयफोनमध्ये बॅटरीची प्रकृती सेटिंगमध्येच दिसते. अँड्रॉइडवर "ॲक्युबॅटरी" नावाचं ॲप काही दिवस चार्जिंगवर नजर ठेवून क्षमतेचा अंदाज देतं. कंपनीने चार हजार लिहिलेल्या बॅटरीत अठ्ठावीसशे उरले असतील, तर नवा फोन नको, नवी बॅटरी घाला. स्वस्तातली नकली घालू नका एवढंच. ती माझ्याकडे परत येते, आणि मग भांडण माझ्याशी होतं.

आपल्याकडे बॅटरीचा मोठा शत्रू ऊन. हरमलला भाड्याच्या स्कूटर देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा फोन एप्रिलच्या उन्हात हँडलवर अडकवलेला, त्यावर नकाशा चालू आणि खालून चार्जिंगही चालू. तीन उष्णता एकाच वेळी. एका उन्हाळ्यात त्यांच्या फोनची पाठ उचलली गेली, बॅटरी फुगून. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावायची नाही, दाबायची नाही, चार्ज करायची नाही. फोन बंद करून सरळ दुकानात न्यायचा. आणि पावसात भिजलेला फोन उकड्या तांदळाच्या डब्यात ठेवू नका. पीठ आणि कण आत जातात, ओल तशीच राहते. ॲपलनेही २०२४ मध्ये हे लेखी सांगितलं, पण आमच्या आयांना ते पटायला अजून काही पावसाळे जातील. फोन बंद करून, चार्जिंगचं तोंड खाली करून, पंख्याखाली ठेवा. पेडण्याच्या किनाऱ्याकडून येणाऱ्या फोनांना "चार्जच होत नाही" ही तक्रार असते, आणि निम्म्या वेळा चार्जिंगच्या भोकात रेती नि खिशातली लव घट्ट बसलेली निघते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती हलकेच काढली, की काम झालं. सुई नको.

इथवरचं सगळं तुम्ही घरी करू शकता. फॅक्टरी रिसेट मात्र विचार करून. गूगल खात्याचा पासवर्ड पाठ नसेल तर रिसेट केलेला फोन त्याच खात्याची ओळख मागत राहतो. चोराला आवरण्यासाठीचं हे कुलूप आहे, पण सापडतो तो बहुतेक वेळा घरचाच माणूस. "तो जीमेल भाच्याने करून दिलेला, भाचा आता पुण्याला," असं सांगत लोक येतात. मी काय करू? आधी पासवर्ड, मग व्हॉट्सॲपचा बॅकअप, मग रिसेट.

आता ज्या भिंतीपुढे मीही थांबतो ती सांगतो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांना एकेक जण निरोप देत चालला आहे. १ जानेवारी २०२५ ला व्हॉट्सॲपने किमान अँड्रॉइड ५ ची अट घातली, ४.४ वाल्यांची गाडी सुटली. आणखी एक दुखणं फारसं कुणाला ठाऊक नाही. संकेतस्थळ खरं की खोटं हे ओळखण्यासाठी फोनमध्ये प्रमाणपत्रांची यादी असते. अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या फोनांत ती यादी शिळी आहे. "लेट्स एन्क्रिप्ट" ही संस्था कोट्यवधी संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रं देते. जुन्या फोनांसाठी तिने केलेली तात्पुरती सोय ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्यामुळे काही पानं उघडताना "असुरक्षित" असा लाल इशारा येतो. नेट गेलं समजून लोक रिचार्ज मारतात. उपाय सोपा होता. फायरफॉक्स ब्राउझर आपली यादी स्वतःबरोबर आणतो, आणि २०२५ पर्यंत त्याची नवी आवृत्ती या जुन्या फोनांवरही चालत असे. पण लाल इशारा डावलून पुढे जाऊ नका.

मुलं विचारतात, दादा, रॉम फ्लॅश करतोस? करतो, म्हणजे फोनमधली कंपनीची प्रणाली काढून दुसरी घालतो. अशी प्रणाली बनवणारा सायनोजेनमॉड हा प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला, त्याच्यातून लिनिएजओएस निघालं. कंपनीने सोडून दिलेल्या अनेक फोनांवर त्याने अँड्रॉइडच्या पुढच्या आवृत्त्या चालतात. पण त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोनचं आतलं कुलूप, उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, बँकांची ॲपं रुसतात, आणि एखाद्या मॉडेलवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालतच नाही. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेच फक्त ४जी घेऊन, खाली २जी-३जी नाही. म्हणजे व्होल्टी गेलं की फोनवरून बोलणंच गेलं. कॉलेजच्या मुलाच्या दुसऱ्या फोनवर हा खेळ ठीक. मावशींच्या फोनला मी तो हात लावणार नाही. पत्रादेवीला, राज्याच्या सीमेवर, नेटवर्क शोधत फिरणाऱ्या माणसाच्या फोनलाही नाही.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येऊन चार-पाच वर्षं झाली, त्यावर यूपीआय ठेवू नये. बँक दुसऱ्या, साध्या पण नव्या फोनवर न्या आणि जुन्याला निवृत्त न करता हलकं काम द्या. नवा घेताना मात्र कॅमेऱ्याआधी विचारा, अपडेट किती वर्षं देणार? गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ ला सात वर्षांचा शब्द दिला आहे. ते महाग फोन आहेत, पण प्रश्न दहा हजारांच्या फोनलाही विचारता येतो. अपडेटांबरोबर सुटे भागही हवेत. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल काढलं. कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी हा हेतू. आमच्या पेडण्यात तुयें इथे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी वसाहत आखली गेली. वस्तू बनतील तेव्हा बनोत, मला एक डिस्प्ले फोल्डर, म्हणजे काचेसकटचा पडदा, वेळेवर मिळाला तरी आनंद आहे.

हलकी कामं कसली? हरमलच्या त्या स्कूटरवाल्यांना मी त्यांचेच तीन जुने फोन परत दिले, त्यात "ऑरगॅनिक मॅप्स" घालून. गोव्याचा नकाशा एकदा उतरवला, की सिम नको, नेट नको, केरी-तेरेखोलपर्यंत वाट दाखवतो. जीपीएस उपग्रहांकडून येतं, त्याला रिचार्ज लागत नाही. ते फोन आता स्कूटरबरोबरच पाहुण्यांना देतात, चार्जर मात्र देत नाहीत, मी बजावल्यापासून. एफएमची चिप असलेला जुना फोन तर इयरफोनची वायर लावली की सरळ रेडिओ होतो, आणि लाइट गेल्यावर त्याची किंमत कळते.

माझ्या गावच्या भजनी मंडळाकडे काच तडकलेला एक फोन आहे. त्यात सिम नाही, विमान मोडवर असतो, आणि त्यावर तानपुऱ्याचं ॲप आहे. पेटीशेजारी ठेवतात. गेल्या चवथीत बुवांचा निरोप आला, की आलापी रंगात आली आणि तानपुरा मध्येच गप्प झाला, फोन म्हातारा झाला वाटतं. मी घरी जाताना देवळाकडे वळलो. फोन म्हातारा नव्हता. स्क्रीन विझल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी तो तानपुऱ्यालाच झोपवत होता. सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात त्या ॲपपुढे "कोणतंही बंधन नाही" असं करून दिलं. बुवांनी सूर लावला आणि मला हातानेच खूण केली, बस.