जाहिरातीच्या क्लिकपासून चौकशीच्या फॉर्मपर्यंत

गृहप्रकल्प, खासगी शिकवणी, विमा, दंतचिकित्सा अशा ज्या व्यवसायांत खरेदी थेट संकेतस्थळावर होत नाही, तेथे ऑनलाइन जाहिरातीचे पहिले फलित म्हणजे बहुधा चौकशीचा फॉर्म असतो. नाव, मोबाइल क्रमांक आणि एखादा प्रश्न भरून ‘पाठवा’ हे बटण दाबले गेले, की जाहिरातदाराला एक ‘लीड’, म्हणजे संभाव्य ग्राहक, मिळतो. जाहिरातीवर क्लिक करणाऱ्याने अशी अपेक्षित कृती पूर्ण करणे याला या व्यवसायात ‘कन्व्हर्जन’ म्हणतात, आणि ती कोणत्या क्लिकमुळे घडली याची नोंद ठेवणे म्हणजे कन्व्हर्जन ट्रॅकिंग. यामागची कल्पना छापील जाहिरातींच्या काळातली आहे. अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्या कंपन्या प्रत्येक नियतकालिकातील कूपनावर वेगळी खूण छापत आणि परत आलेली कूपने मोजून कोणती जाहिरात चालली ते ठरवत. क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मधील ‘सायंटिफिक अॅडव्हर्टायझिंग’ या पुस्तकात याच मोजदादीचा आग्रह धरला होता.

गूगलच्या जाहिरातींत कूपनावरील खुणेचे काम ‘जीसीएलआयडी’ नावाचा ओळखसंकेत करतो. क्लिक होताच संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेपटीला अक्षरे आणि अंकांची एक लांबलचक माळ जोडली जाते, ती प्रत्येक क्लिकची निराळी असते. संकेतस्थळावर बसवलेला ‘टॅग’, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, ही माळ वाचून ब्राउझरमधील ‘कुकी’ या लहानशा नोंदीत जपून ठेवतो आणि पुढे फॉर्म भरला गेला की त्या माळेसह गूगलला वर्दी देतो. मुदत बदलली नसेल, तर क्लिकनंतर ३० दिवसांच्या आत भरलेल्या फॉर्मचे श्रेय जाहिरातीला मिळते. ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवता येते.

फॉर्म ‘भरला गेला’ असे नेमके कोणत्या क्षणी मानायचे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी बहुतेक घोळ तेथेच होतात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फॉर्म पाठवल्यावर उघडणाऱ्या ‘धन्यवाद’ पानावर टॅग बसवणे. परंतु ते पान कोणी रिफ्रेश केले किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले, तर एकाच चौकशीची दोनदा मोजणी होण्याची शक्यता असते, आणि म्हणून लीडच्या बाबतीत एका क्लिकमागे एकच कन्व्हर्जन धरण्याचा पर्याय निवडावा लागतो. आजकाल अनेक फॉर्म पान न बदलता जागच्या जागी ‘आपली माहिती मिळाली’ असा संदेश दाखवतात. तेथे घाईने बटणावरील क्लिकच मोजली, तर मोबाइल क्रमांकात नऊच अंक टाकल्यामुळे फॉर्मने परत पाठवलेला माणूसही यशस्वी ठरतो, आणि त्याने चिडून तीनदा बटण दाबले तर तीनही दाबांची वर्दी जाते. सर्व्हरने माहिती स्वीकारल्याची खात्री झाल्यावरच टॅग चालवणे, हे थोडे अधिक कष्टाचे असले तरी खरे उत्तर आहे.

कुकीवरचा भरवसाही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून अशा प्रकारे लिहिलेल्या कुकींचे आयुष्य सात दिवसांवर, आणि काही परिस्थितींत एका दिवसावर आणले. ही तूट भरून काढण्यासाठी फॉर्ममधील ईमेल किंवा फोन क्रमांक एसएचए-२५६ या पद्धतीने, मूळ माहिती थेट वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात पाठवून जुळवणी केली जाते. मात्र रूप बदलले म्हणून ती माहिती व्यक्तीची राहत नाही असे मानणे सोयीचे असले तरी बरोबर नाही, आणि भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा संमतीवरील भर पाहता फॉर्मखालील मजकूर स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

या मोजणीचे महत्त्व अहवालापुरते नसते, कारण जाहिरातीच्या जागेसाठी होणाऱ्या लिलावात कोणत्या क्लिकसाठी किती बोली लावायची हे आता बहुतांशी गूगलची स्वयंचलित यंत्रणा ठरवते आणि ती कन्व्हर्जनच्या नोंदींवरून शिकते. पुण्यातील एखाद्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत प्रत्येक फॉर्मला सारखेच मोल दिले, तर दलाल, नोकरीच्या शोधातले उमेदवार, खोटे क्रमांक टाकणारे आणि आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम हे सारे यंत्रणेच्या लेखी उत्तम ग्राहक ठरतात. मग प्रत्येक लीडचा खर्च उतरतो, आलेख चढतो, आणि विक्री कार्यालयातले लोक मात्र उचललेच न जाणारे फोन लावत बसतात. त्यावरचा उपाय म्हणजे फॉर्ममध्ये वाचकाला न दिसणारा एक रकाना ठेवून क्लिकचा ओळखसंकेत चौकशीसोबतच साठवणे आणि त्यातून पुढे काय निष्पन्न झाले ते गूगलला परत कळवणे. मात्र क्लिकला ९० दिवसांहून अधिक काळ लोटला असेल तर अशी नोंद स्वीकारली जात नाही, आणि घराचा व्यवहार त्याहून लांबू शकतो. म्हणून अशा व्यवसायात नोंदणीची वाट न पाहता ‘साइट व्हिजिट’, म्हणजे ग्राहकाने प्रकल्पस्थळी प्रत्यक्ष येणे, हाच टप्पा कन्व्हर्जन म्हणून कळवणे अधिक व्यवहार्य ठरते.