नकारपत्राचे वाचन आणि उत्तर : किरकोळ अपघातानंतरचा मोटार विम्याचा दावा

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
- विमापत्रातील महत्त्वाच्या शब्दांचा नेमका अर्थ सांगता येईल;
- दाव्याची रक्कम कशी ठरते ते समजून घेता येईल;
- विमा कंपनीचे नकारपत्र चिकित्सकपणे वाचता येईल;
- त्या पत्राला मुद्देसूद लेखी उत्तर देता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रांनो, उपयोजित मराठीचा अभ्यास करताना आपण अर्ज, निवेदन आणि तक्रारपत्र यांची रूपे पाहिली. या घटकात त्यांचा उपयोग एका विशिष्ट प्रसंगी कसा करावा, हे पाहावयाचे आहे. मोटारीला लहानसा अपघात होतो, कोणी जखमी होत नाही, पण दुरुस्तीचे बिल महिन्याच्या पगाराएवढे येते. विमा असल्यामुळे आपण निर्धास्त असतो आणि मग कंपनीचे पत्र येते : ‘आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.’

अशा वेळी बहुतेक माणसे दोन टोकांच्या प्रतिक्रिया देतात. काही जण एजंटाशी भांडतात, तर काही ‘कंपनीपुढे आपले काय चालणार’ म्हणून गप्प बसतात. दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट राहून जाते. ती म्हणजे ते पत्र नीट वाचणे. विम्याचा वाद हा मुख्यतः कागदावरचा वाद असतो. विमापत्रात काय लिहिले आहे, दाव्याच्या अर्जात आपण काय लिहिले आणि नकारपत्रात कंपनीने काय लिहिले, या तीन मजकुरांच्या तुलनेतूनच त्याचा निकाल लागतो.

१. एक कल्पित प्रसंग

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. हळदीच्या हंगामात, २ मार्चच्या सायंकाळी पावणेसातला, एक शिक्षक वसमतहून औंढ्यामार्गे हिंगोलीस परतत आहेत. पुढे एक ट्रॅक्टर-ट्रॉली संथपणे चालली आहे. ट्रॉलीला मागे दिवा नाही, परावर्तक पट्टीही नाही. अंधुक प्रकाशात ती उशिरा दिसते, ब्रेक लावूनही कार मागून आदळते. बंपर, दिवा, बॉनेट आणि रेडिएटर यांची हानी होते. कार सव्वातीन वर्षांची आहे. दुरुस्तीचा खर्च ४२,००० रुपये सांगण्यात येतो.

शिक्षक दुसऱ्या दिवशी विमा प्रतिनिधीला फोन करतात आणि ४ मार्चला कार गॅरेजमध्ये नेतात. कंपनीकडे लेखी सूचना मात्र ११ मार्चला जाते. ५ एप्रिलला पत्र येते : ‘अपघाताची सूचना नऊ दिवसांनी मिळाल्याने विमापत्राच्या अट क्र. १ चा भंग झाला आहे. सबब दावा नामंजूर.’

२. विमापत्र वाचताना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याची जी हानी होते, तिची भरपाई त्यातून होते. स्वतःच्या वाहनाची हानी भरून मिळण्यासाठी ‘स्व-नुकसान’ हा भाग विमापत्रात असावा लागतो. केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर स्वतःच्या कारच्या दुरुस्तीचा दावाच उभा राहत नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच : आपले विमापत्र कोणत्या प्रकारचे आहे?

दुसरा गैरसमज चुकीविषयीचा आहे. ‘धडक मी दिली, म्हणून दावा करता येणार नाही’ असे अनेकांना वाटते. स्व-नुकसानीच्या विम्यात चालकाची साधी चूक झाली असली, तरी अपघाती हानीची भरपाई मिळते. मात्र वैध परवान्याशिवाय किंवा मद्याच्या अमलाखाली वाहन चालविणे आणि खासगी वाहन भाड्याने वापरणे ही विमापत्रातील वगळलेली कारणे होत.

जुनी कार विकत घेणाऱ्यांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. वाहनाचे हस्तांतरण झाले की त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. स्व-नुकसानीचा विमा तसा आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ प्रकरणातील निकालात स्पष्ट केला आहे. तेव्हा आरसी बुकावर नाव बदलताना विमापत्रावरही नाव बदलून घेणे आवश्यक आहे.

३. कपात आणि नकार यांतील फरक

मंजूर रक्कम बिलापेक्षा कमी असली की ‘कंपनीने फसविले’ अशी भावना होते. परंतु प्रत्येक कपात अन्यायाची नसते. प्रचलित विमापत्रात घसाऱ्याचे कोष्टक दिलेले असते. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवरील घसारा वाहनाच्या वयानुसार वाढतो आणि तीन ते चार वर्षांच्या वाहनास तो २५ टक्के असतो. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगसाहित्याचा मानून त्यावर ५० टक्के घसारा लावतात. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या कारसाठी १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते.

आपल्या उदाहरणाचा हिशेब, कर बाजूला ठेवून, असा होईल :
- बंपर व दिवा (प्लॅस्टिक) : १२,००० पैकी ६,०००
- बॉनेट व रेडिएटर (धातू) : १६,००० पैकी १२,०००
- मजुरी : ६,००० पैकी ६,०००
- रंगकाम : ८,००० पैकी ७,०००

एकूण ३१,००० रुपये होतात. त्यातून वजावटीचे १,००० गेले की ३०,००० रुपये उरतात. म्हणजे ४२,००० च्या बिलावर ३०,००० मिळाले, तर तो वाद नव्हे, तो करार होय. २०,००० मिळाले, तर उरलेले १०,००० कोणत्या कलमाखाली कापले, असे लेखी विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. घसारा न धरणारे ‘झिरो डेप्रिसिएशन’ संरक्षण घेतले असेल, तर हा हिशेब अर्थातच बदलेल.

दावा करण्यापूर्वी आणखी एक तुलना करावी. दावाविरहित वर्षांसाठी विमाहप्त्याच्या स्व-नुकसान भागात २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळत जाते. दावा केला की साधारणपणे ती जाते. चार-पाच हजारांच्या दुरुस्तीसाठी ही सवलत गमावणे पुष्कळदा तोट्याचे ठरते.

४. अपघातस्थळाचे लेखन

वादाची बीजे बहुधा पहिल्या काही तासांतच पेरली जातात. म्हणून पुढील गोष्टी तत्काळ कराव्यात : दोन्ही वाहनांची, क्रमांक दिसतील अशी छायाचित्रे घ्यावीत; ठिकाण, वेळ आणि साक्षीदार यांची नोंद ठेवावी; कंपनीच्या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर सूचना देऊन दाव्याचा क्रमांक घ्यावा. प्रतिनिधीला फोन करून थांबू नये. रेडिएटर गळत असेल, तर वाहन चालवत नेऊ नये, ओढून न्यावे. दुरुस्तीपूर्वी वाहन चालविल्याने वाढलेली हानी विमाधारकाच्या माथी येते. कंपनीने पाहणी करेपर्यंत गॅरेजमध्ये कोणताही भाग उघडू देऊ नये.

आपल्याकडे असे प्रसंग जागेवरच मिटविण्याची रीत आहे. चार माणसे जमतात, ‘पाच हजार देऊन टाका’ असे ठरते आणि एखाद्या कागदावर ‘चूक माझी आहे’ असे लिहून घेतले जाते. कंपनीच्या लेखी संमतीवाचून त्रयस्थास कबुली, आश्वासन किंवा पैसे देऊ नयेत, अशी अट विमापत्रात असते. असे दिलेले पैसे कंपनीकडून सहसा परत मिळत नाहीत.

दाव्याच्या अर्जातील वर्णन हा खरा लेखनाचा प्रश्न आहे. पुढील दोन वाक्ये पाहा :

(अ) ‘ट्रॅक्टरवाल्याच्या बेजबाबदारपणामुळे भीषण अपघात झाला.’
(आ) ‘पुढे चाललेल्या ट्रॉलीस मागे दिवा वा परावर्तक नव्हता. ती सुमारे पंधरा मीटरवर दिसली. ब्रेक लावला, तरी कारचा पुढील भाग ट्रॉलीच्या मागील भागास लागला.’

पहिल्या वाक्यात मत आहे, दुसऱ्यात घटना आहे. पाहणी करणारा सर्वेक्षक वाहनावरील खुणा आणि आपले शब्द ताडून पाहतो. ‘चाललेली ट्रॉली’ अर्जात आणि ‘उभी ट्रॉली’ नंतरच्या पत्रात आली, तर खरा दावाही संशयास्पद ठरतो. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. म्हणून जे घडले तेच आणि तेवढेच लिहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न १. ‘गाडी बहुधा वेगात असावी’ या वाक्यात घटना आहे, अनुमान आहे की मत? कारण द्या.

५. नकारपत्राचे वाचन

नकार तोंडी मिळाला असेल, तर तो प्रथम लेखी मागावा. यामागे महत्त्वाचे कारण आहे. ‘सौराष्ट्र केमिकल्स’ प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, विमा कंपनीला नकारपत्रात दिलेल्या कारणांपलीकडे नंतर जाता येत नाही. ते प्रकरण मोटारीचे नव्हते, कोळशाच्या साठ्याचे होते; पण तत्त्व सर्व विम्यांना लागू पडते. उशिराचे कारण नकारपत्रात नसेल, तर ते आयोगापुढे नव्याने काढता येत नाही. म्हणजेच नकारपत्र आपल्याइतकेच कंपनीलाही बांधून ठेवते.

हे पत्र वाचताना चार प्रश्न विचारावेत : कोणती अट उद्धृत केली आहे? ती अट आपल्या विमापत्रात त्याच शब्दांत आहे का? कोणत्या घटनेमुळे ती मोडली असे म्हटले आहे? त्या भंगाचा हानीशी किंवा तपासाशी काही संबंध दाखविला आहे का? अटीचे शब्द संदिग्ध असतील, तर त्यांचा अर्थ मसुदा करणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावण्याचे तत्त्वही न्यायालये मानतात.

वारंवार येणाऱ्या कारणांविषयी न्यायालयांची भूमिका अशी :

*उशीर.* विमा नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात केवळ विलंबाच्या कारणावरून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत, असे कंपन्यांना बजावले. ‘ओम प्रकाश’ प्रकरणात (२०१७), वाहनचोरीच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने समाधानकारक स्पष्टीकरण असलेला विलंब क्षम्य मानला. याचा अर्थ उशीर चालतो असा नव्हे. त्याचे कारण द्यावे लागते.

*सर्वेक्षकाचा अहवाल.* ‘प्रदीप कुमार’ प्रकरणात (२००९) न्यायालयाने हा अहवाल महत्त्वाचा, पण अंतिम शब्द नव्हे, असे म्हटले. अहवालाची प्रत लेखी मागावी.

*परवाना.* हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहन चालविता येते, असा निर्णय घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. छोटे मालवाहू टेम्पो चालविणाऱ्यांसाठी तो मोलाचा आहे.

*भाड्याने वापर.* येथे कंपनीची बाजू बळकट असते. तरीही ‘अमलेंदू साहू’ प्रकरणात (२०१०) न्यायालयाने दावा सरसकट न फेटाळता अंशतः भरपाई दिली.

६. उत्तराचा नमुना

> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी, —— विमा कंपनी
>
> विषय : दावा क्र. —— च्या फेरविचाराबाबत.
> संदर्भ : १) विमापत्र क्र. ——, वाहन क्र. एमएच-३८ —— २) आपले दि. ५ एप्रिलचे पत्र.
>
> महोदय,
>
> संदर्भित पत्रान्वये सूचनेतील विलंबाच्या एकमेव कारणावरून माझा दावा नाकारण्यात आला आहे. त्याविषयी नम्र निवेदन असे :
>
> १. अपघात २ मार्च रोजी झाला. ३ मार्चला मी आपल्या प्रतिनिधीस दूरध्वनीने कळविले. प्रतिनिधीस कळविणे पुरेसे आहे, असा माझा प्रामाणिक समज होता. दूरध्वनीची नोंद जोडली आहे.
>
> २. वाहन ४ मार्चपासून गॅरेजमध्ये होते. १३ मार्चला सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत कोणताही भाग उघडलेला नव्हता. गॅरेजचे जॉबकार्ड आणि २ मार्चची छायाचित्रे जोडली आहेत.
>
> ३. विलंबामुळे तपासणीस कोणता अडथळा आला, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही.
>
> तरी दाव्याचा फेरविचार करून देय रक्कम मंजूर करावी आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत द्यावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> ——

या पत्रात संताप नाही आणि आर्जवही नाही. प्रत्येक परिच्छेद एक घटना सांगतो आणि तिचा पुरावा दाखवितो. स्वतःची चूक लपविलेली नाही, पण ती किती मर्यादित होती ते दाखविले आहे. पत्र स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने पाठवून पोच जपून ठेवावी.

७. पुढील मार्ग

उत्तर असमाधानकारक आल्यास किंवा महिनाभरात न आल्यास *विमा लोकपालाकडे* एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. हिंगोली जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नियामक प्राधिकरणाच्या ‘विमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते.

दुसरा मार्ग *जिल्हा ग्राहक आयोगाचा*. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईस असले, तरी सेनगाव किंवा कळमनुरीच्या ग्राहकाला हिंगोलीच्या आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि कारचा विमाहप्ता या मर्यादेच्या पुष्कळच आत असतो. एकच वाद लोकपाल आणि आयोग या दोहोंपुढे एकाच वेळी चालविता येत नाही.

कमी रक्कम देताना कंपनी ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या पावतीवर सही मागते. दबावाखाली किंवा फसवणुकीने घेतलेली अशी सही पुढील तक्रारीस आड येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. पण तो दबाव सिद्ध करावा लागतो. त्यापेक्षा रक्कम अमान्य असल्याचे त्याच दिवशी लेखी कळविणे श्रेयस्कर.

सारांश

मोटार विम्याच्या वादात विमापत्र, दाव्याचा अर्ज आणि नकारपत्र हे तीन मजकूर निर्णायक ठरतात. कराराप्रमाणे होणारी कपात आणि कारणाविना दिलेला नकार यांत भेद करावा. नकार लेखी घ्यावा, त्यातील प्रत्येक कारणास घटना व पुरावा यांनी उत्तर द्यावे आणि मुदतीत पुढील मार्ग धरावा.

पारिभाषिक शब्द

- घसारा : वापरामुळे वस्तूच्या किमतीत होणारी घट.
- त्रयस्थ पक्ष : विमाधारक व विमा कंपनी यांव्यतिरिक्त अपघाताने बाधित व्यक्ती.
- सर्वेक्षक : हानीची पाहणी करून अहवाल देणारा परवानाधारक तज्ज्ञ.
- नकारपत्र : दावा नाकारल्याचे कारणासह कळविणारे पत्र.

स्वाध्याय

१. ‘नकारपत्र कंपनीलाही बांधून ठेवते’ हे विधान स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील वाहनाचे विमापत्र घेऊन त्याचा प्रकार, वजावट आणि सूचनेविषयीची अट शोधा व स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. ‘रेडिएटरची हानी जुनी आहे’ या कारणावरून दावा अंशतः नाकारला आहे, असे समजून कंपनीस फेरविचाराचे पत्र लिहा.