चित्रफीत संगणकावर का चालत नाही? : प्लेअर व कोडेक यांची निवड

दृक्‌श्राव्य साधनांच्या योगाने पाठ अधिक सजीव होतो, ही गोष्ट आता सर्वमान्य झाली आहे. बी रुजण्याची क्रिया, ज्वालामुखीचा उद्रेक, हृदयाचे आकुंचन-प्रसरण या गोष्टींच्या आकृत्या फळ्यावर कितीही कुशलतेने काढल्या तरी त्यांतील गती दाखविता येत नाही. चित्रफितीने ती दाखविता येते. परंतु पुष्कळ शाळांत असा अनुभव येतो की, शिक्षक मोठ्या उमेदीने पेन ड्राइव्हवर फाइल घेऊन येतात, मुले पडद्यापुढे बसतात आणि ऐन वेळी चित्र उमटत नाही. कधी नुसता आवाज येतो, कधी चित्र अडखळते, तर कधी कोडेक उपलब्ध नसल्याची सूचना दिसते. तास वाया जातो आणि पुढच्या वेळी शिक्षक संगणक उघडण्यासच कचरतात. घाईघाईने इंटरनेटवरून भलतेच सॉफ्टवेअर उतरवून घेतले गेल्यास हानी याहून मोठी होते. वस्तुतः अशा बहुतेक प्रसंगी संगणक नादुरुस्त नसतो व फाइलही बिघडलेली नसते. दोहोंचा मेळ बसलेला नसतो, एवढेच.

लखोटा आणि लिपी

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय किंवा एमओव्ही अशी अक्षरे असतात. ही अक्षरे पाहून आतील मजकूर ओळखता येतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. ती अक्षरे केवळ लखोट्याचे नाव सांगतात. त्या लखोट्यात चित्राचा एक प्रवाह व ध्वनीचा दुसरा प्रवाह एकत्र ठेवलेला असतो, आणि प्रत्येक प्रवाह आपापल्या सांकेतिक लिपीत लिहिलेला असतो. या लिपीत लेखन करणाऱ्या व तिचे वाचन करणाऱ्या साधनास कोडेक म्हणतात.

जुन्या दप्तरातील मोडी कागदाचे उदाहरण घ्यावे. लखोटा कोणालाही फोडता येतो. परंतु मोडी न जाणणाऱ्यास आतील मजकूर लागत नाही. म्हणून कागद खराब आहे असे कोणी म्हणत नाही, आणि लखोट्यावर दुसरे नाव घातल्याने आतील लिपी बदलत नाही. त्याचप्रमाणे फाइलच्या नावातील 'एमकेव्ही' ही अक्षरे खोडून 'एमपी४' लिहिल्याने काहीही साध्य होत नाही. आवाज येतो पण चित्र दिसत नाही, याचा अर्थ बहुधा असा की, संगणकास ध्वनीची लिपी येते, चित्राची येत नाही.

सांकेतिक लिपी कशासाठी?

चित्रफीत आहे तशीच साठविली तर काय होईल, हे साध्या गुणाकाराने कळते. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट धरले, तर एका चित्रास सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदास २५ चित्रे धरल्यास एका मिनिटासाठी सुमारे ९३३ कोटी बाइट, म्हणजे ९.३ गिगाबाइट जागा लागेल. १६ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर दोन मिनिटांची चित्रफीतही मावणार नाही. (हे गणित वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घेण्याजोगे आहे.)

कोडेक हा पसारा आवरतो. शिक्षक फळ्यापुढे बोलत असताना फळा व भिंत बदलत नाहीत. केवळ हात व चेहरा हलतो. म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण चित्र न लिहिता मागील चित्रापासून पडलेला फरक तेवढा लिहिला जातो, आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारकावे वगळले जातात. अशा रीतीने सेकंदास ५० लाख बिट एवढ्यावर भागविले, तर एका मिनिटास ३.७५ कोटी बाइट पुरतात. म्हणजे मूळच्या सुमारे अडीचशेव्या हिश्शात काम होते.

एच.२६४ हे प्रमाण सन २००३ मध्ये निश्चित झाले. आज जवळजवळ सर्व संगणक व फोन ते वाचू शकतात. सन २०१३ मधील एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, तेवढ्याच दर्जाचे चित्र आणखी कमी जागेत बसविते. सन २०१८ मधील एव्ही१ याच दिशेने पुढे गेले आहे. मात्र जागा जितकी वाचते तितके उलगडण्याचे श्रम वाढतात. नव्या संगणकांत या श्रमांसाठी स्वतंत्र यंत्रणा असते. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांत एचईव्हीसीसाठी ती सन २०१५ च्या सहाव्या पिढीपासून आली. त्यापूर्वीच्या संगणकात सर्व भार मुख्य प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळते. अलीकडील अनेक फोन एचईव्हीसीमध्येच चित्रण करतात. त्यामुळे फोनवर उत्तम दिसणारी चित्रफीत शाळेच्या जुन्या संगणकावर चालत नाही.

प्लेअर कोणता घ्यावा?

प्लेअर दोन प्रकारचे असतात. काही प्लेअर विंडोजमध्ये असलेल्या कोडेकांवर अवलंबून असतात. काही आपले कोडेक बरोबर घेऊन येतात. विंडोजबरोबर येणारे प्लेअर पहिल्या प्रकारचे होत. एचईव्हीसी वाचण्यासाठी त्यांना मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून सशुल्क जोड घ्यावी लागते. शाळेसाठी दुसरा प्रकार सोयीचा.

या प्रकारातील व्हीएलसी हा प्लेअर सुपरिचित आहे. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या सन १९९६ मधील एका प्रकल्पातून तो निर्माण झाला आणि सन २००१ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांस खुला झाला. विंडोज व लिनक्स या दोहोंवर तो चालतो, त्यास मूल्य पडत नाही आणि शाळेतील सर्व संगणकांवर तो निर्वेधपणे घालता येतो. त्यातील 'टूल्स' या सदरात 'कोडेक इन्फर्मेशन' निवडल्यास चालू फाइलमधील चित्र व ध्वनी कोणत्या लिपीत आहेत, ते दिसते. एमपीव्ही हाही असाच मुक्त प्लेअर होय. परंतु त्याची मांडणी नवशिक्यास अवघड वाटते.

एक गंभीर सूचना

'ही चित्रफीत पाहण्यासाठी अमुक कोडेक उतरवून घ्या' असे एखादे संकेतस्थळ सांगू लागले, तर तेथेच थांबावे. सन २००५ च्या अखेरीस आढळलेला झ्लॉब नावाचा घातक प्रोग्राम अशाच कोडेकाचे सोंग घेऊन असंख्य संगणकांत शिरला होता. शाळेच्या संगणकावर मुलांच्या नोंदी असतात. एका चित्रफितीसाठी त्या धोक्यात घालणे केव्हाही उचित नाही. प्लेअर त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. व्हीएलसीचे मूळ ठिकाण 'व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग' हे आहे. तसेच, चित्रफीत म्हणून आलेल्या फाइलच्या नावाचा शेवट 'ईएक्सई' असा असेल, तर ती चित्रफीत नव्हे. ती उघडू नये.

शिक्षकांनी पाळावयाचा क्रम

(१) फाइल आदल्या दिवशी, ज्या संगणकावर दाखवावयाची त्याच संगणकावर, आरंभी, मध्ये व शेवटी थोडी थोडी चालवून पाहावी. घरच्या फोनवर चालली, हा पुरावा पुरेसा नाही.

(२) फाइल पेन ड्राइव्हवरून न चालविता प्रथम संगणकात उतरवून घ्यावी. मंद पेन ड्राइव्हमुळेही चित्र अडखळते.

(३) चित्र किंवा आवाज न आल्यास व्हीएलसीमध्ये फाइल उघडावी व कोडेक कोणता ते पाहावे.

(४) तरीही चित्र अडखळत असल्यास हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने फाइलचे एच.२६४ मध्ये, १२८० × ७२० बिंदूंच्या आकारात रूपांतर करावे. जुन्या संगणकावर या कामास बराच वेळ लागतो. म्हणून ते शाळा सुटल्यावर लावून ठेवावे.

(५) मूळ फाइल पुसू नये. प्रत्येक रूपांतरात चित्राचा थोडा दर्जा कमी होतो आणि गेलेला दर्जा परत येत नाही. शेतकरी बियाणे राखून ठेवतो, तशी मूळ प्रत राखावी.

इतकी पूर्वतयारी करण्यास फार वेळ लागत नाही. ती केल्यास तास सुरू होताच चित्र पडद्यावर उमटते आणि शिक्षकांचे सर्व लक्ष यंत्राकडे न राहता मुलांच्या प्रश्नांकडे राहते.